नवोद्योगाची कल्पना आणि संभाव्य वापरकर्त्याचा शोध

कोणत्याही नव्या उद्योगाच्या मुळाशी एक कल्पना असते आणि त्या कल्पनेत दोन विधाने गृहीत धरलेली असतात. अमुक एक अडचण लोकांना आहे, हे पहिले विधान. आणि ती दूर व्हावी म्हणून काही माणसे पैसा, वेळ वा श्रम खर्च करावयास तयार आहेत, हे दुसरे. पहिले विधान सिद्ध करणे फारसे कठीण नसते, कारण जगात अडचणींना तोटा नाही. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या विधानाची. आणि पुष्कळदा नेमके तेच तपासावयाचे राहून जाते.

पेठेत किराणा मालाचे दुकान काढणाऱ्यास आपले गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न पडत नाही. आजूबाजूच्या वाड्यांत किती बिऱ्हाडे आहेत, ती महिन्याचे वाणसामान कोठून भरतात, उधारी किती दिवसांची ठेवतात, हे त्याला दुकान उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. ज्याला आज स्टार्टअप म्हटले जाते त्या नवोद्योगाची स्थिती ह्याच्या उलट असते. तेथे वस्तू नवी, तिची किंमत अनिश्चित आणि ती घेणारा माणूस केवळ अनुमानाने मानलेला. म्हणून अशा उद्योगाच्या कल्पनेची पारख करावयाची, तर प्रथम तो माणूस प्रत्यक्ष हुडकून काढावा लागतो.

भारत सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ ही योजना सुरू केली. विद्यापीठांतून व महाविद्यालयांतून नवोद्योगांना उत्तेजन देणारी केंद्रे आज चालतात, स्पर्धा भरतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपापल्या कल्पना घेऊन त्यांत उतरतात. परीक्षकांपुढे कल्पना कशी मांडावी, ह्याची तालीम त्यांना मिळते. ती कल्पना वापरणारा माणूस कसा शोधावा, ह्याची तालीम त्या मानाने कमी मिळते. ह्या उणिवेची किंमत लहान नाही. उमेदीची दोनतीन वर्षे, घरच्यांनी गाठीला बांधलेली पुंजी आणि हातची सोडलेली नोकरी, एवढे सारे त्या एका न तपासलेल्या विधानावर पणाला लागते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की संभाव्य वापरकर्त्याचा शोध ही कल्पनेच्या परीक्षेची पूर्वतयारी नसून तोच त्या परीक्षेचा पहिला भाग होय. तो माणूस कोठे भेटतो, किती सायासाने भेटतो आणि भेटल्यावर काय करतो, ह्या तिन्ही गोष्टी पुरावा म्हणून वाचावयाच्या असतात.

प्रश्नाची पूर्वपीठिका

हा प्रश्न आजचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. नांगर उपयुक्त होता, हे पुढे काळाने सिद्ध केले. परंतु त्याची उपयुक्तता सर्वांआधी ज्याला पटेल असा शेतकरी कोण, ह्याचे उत्तर कारखान्याच्या भिंतींआड मिळणारे नव्हते.

ह्याच प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. ब्राइस रायन व नील ग्रॉस ह्या समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याच्या बियाण्याचा प्रसार दोन शेतकरी वस्त्यांत तपासला आणि आपले निष्कर्ष १९४३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी गाठलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून बाकी सर्वांनी १९२८ ते १९४१ ह्या काळात ते बियाणे स्वीकारले होते. बियाण्याची वार्ता प्रथम कळविण्याचे काम मुख्यतः विक्रेत्यांनी केले. परंतु ते पेरण्याचा निश्चय घडविण्यात शेजाऱ्यांच्या अनुभवाचा वाटा मोठा होता. सर्वांआधी पुढे आलेल्या शेतकऱ्यांनीही आरंभी सारे शेत त्या बियाण्याखाली आणले नाही. लहानशा तुकड्यावर अनुभव घेतला. एव्हरेट रॉजर्स ह्यांनी १९६२ साली ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ ह्या ग्रंथात अशा अभ्यासांची एकत्र मांडणी केली. नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांत पहिले २.५ टक्के साहसी, त्यानंतरचे १३.५ टक्के आरंभीचे स्वीकारक आणि मग उरलेला समाज, अशी त्यांची वर्गवारी सुप्रसिद्ध आहे.

१९८६ साली एरिक फॉन हिपेल ह्यांनी ‘आघाडीचे वापरकर्ते’ ही संकल्पना मांडली. बाजारात जी गरज पुढे सर्वांना भासणार आहे ती ज्यांना काही महिने वा काही वर्षे आधीच भासते, आणि ती भागल्यास ज्यांचा मोठा लाभ होतो, असे हे लोक. गरज तीव्र असल्यामुळे ते वाट पाहत बसत नाहीत. पुष्कळदा स्वतःच काहीतरी जुळवाजुळव करतात. पुढे स्टीव्ह ब्लँक ह्यांनी २००५ साली आणि एरिक रीस ह्यांनी २०११ साली हाच विचार नवोद्योगाच्या कार्यपद्धतीत आणला. कल्पना ही गृहीतकांची मालिका मानावी आणि ती गृहीतके कचेरीबाहेर पडून ग्राहकांमध्ये तपासावीत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. ह्या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. नव्या वस्तूचा पहिला वापरकर्ता हा सरासरी माणूस नसतो. तो विशिष्ट परिस्थितीत सापडलेला विशिष्ट माणूस असतो. त्याचा शोध सर्वसाधारण पाहणीने लागत नाही.

वापरकर्ता म्हणजे नेमका कोण?

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याच्या मनात असे उपकरण करावयाचे आहे, की जे चाळीत साठविलेल्या कांद्याला लागणारी सड वेळीच ओळखून मालकास सूचना देईल. वापरकर्ता कोण, असे त्याला विचारले तर ‘कांदा उत्पादक शेतकरी’ असे उत्तर येईल. हे उत्तर चुकीचे नाही, पण शोधाच्या कामी निरुपयोगी आहे. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही; तो काढल्याबरोबर बाजारात जातो. उन्हाळ कांदा टिकतो, पण त्याचाही उत्पादक कर्जाच्या वा लग्नकार्याच्या तगाद्यापायी शेतातूनच माल विकत असेल, तर चाळीतील सड ही त्याची अडचणच नव्हे. उरला तो एप्रिल-मे महिन्यांत चाळ भरून दिवाळीपर्यंत भावाची वाट पाहणारा शेतकरी. त्याच्या जोडीला खळ्यावर माल साठविणारा व्यापारी आणि सभासदांचा कांदा एकत्र ठेवणारी एखादी शेतकरी उत्पादक कंपनी. ‘शेतकरी’ ह्या एका शब्दाखाली निदान पाच प्रकारची माणसे दडलेली होती आणि त्यांतील दोन प्रकारच्या माणसांना ह्या उपकरणाचे काहीच कारण नव्हते.

ब्लँक ह्यांनी आरंभीच्या ग्राहकाची जी लक्षणे सांगितली आहेत ती येथे उपयोगी पडतात. त्या माणसाला अडचण असली पाहिजे. ती आहे ह्याची त्याला जाणीव असली पाहिजे. तो उपायाच्या शोधात असला पाहिजे. मिळेल त्या साधनांनी त्याने काही तात्पुरता उपाय केलेलाही असला पाहिजे. आणि त्याच्यापाशी पैसा असला पाहिजे किंवा तो उभा करण्याची ऐपत असली पाहिजे. ह्या पाच पायऱ्यांपैकी चौथी पायरी संशोधकास सर्वांत मोलाची. चाळीच्या कडेने फिरून वास घेणे, खालून पाणी सुटले आहे का ते पाहणे, एखादा कप्पा मुद्दाम फोडून कांदा हातात घेणे, मजूर बायका लावून निवड करणे, हे सारे तात्पुरते उपाय होत. जो शेतकरी त्यांवर दर हंगामात मजुरी खर्च करतो, त्याने आपल्या अडचणीची किंमत स्वतःच ठरवून दिलेली असते. जो काहीच करीत नाही, त्याची अडचण त्याच्या लेखी सोसण्याजोगी आहे, असेच समजावे.

पुष्कळदा शोधाच्या ओघात वापरकर्ताच बदलतो. बेंगळुरूतील ‘रेडबस’ ह्या उद्योगाचा इतिहास ह्या दृष्टीने बोलका आहे. २००५ सालच्या दिवाळीत फणींद्र सामा ह्यांना हैदराबादला जाण्यासाठी बसचे तिकीट मिळू शकले नाही. त्या अनुभवातून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह बसमालकांसाठी संगणकप्रणाली तयार केली. बसमालकांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या दृष्टीने चालू व्यवस्था पुरेशी होती. मात्र सणासुदीला खिडकीखिडकीवर हिंडणाऱ्या प्रवाशाला रिकाम्या जागेची माहिती हवी होती. तेव्हा २००६ साली प्रवाशांना तिकिटे विकण्याचा मार्ग धरला गेला आणि त्यातून उद्योग उभा राहिला. बसमालकांचा नकार हा येथे अपयश नव्हता. अडचण नेमकी कोणाची, हे सांगणारी ती माहिती होती.

तो कोठे सापडतो?

वापरकर्त्याचे वर्णन इतके नेमके झाले, की त्याचा ठावठिकाणा बहुतांशी त्या वर्णनातूनच निघतो. शोधाच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट अशी, की अडचण जेथे व ज्या वेळी प्रत्यक्ष घडते तेथे त्या वेळी हजर राहावयाचे. चाळ फोडली जाते त्या दिवशी शेतावर असणे, हे एरवीच्या दहा मुलाखतींहून अधिक फलदायी ठरते. दुसरी वाट, ती माणसे आपल्या कामासाठी जेथे आधीच जमतात तेथे जाण्याची. लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर रांगेत लावून लिलावाची वाट पाहणारा शेतकरी मोकळेपणी बोलू शकतो. लिलाव पुकारला जात असताना मात्र नाही. तिसरी वाट मध्यस्थाची. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, सोसायटीचा सचिव, चाळ बांधून देणारा गवंडी अशा माणसांना कोणाची चाळ किती मोठी आणि कोणाचे गेल्या वर्षी नुकसान झाले, हे ठाऊक असते. प्रत्येक भेटीच्या अखेरीस आणखी दोन नावे मागून घ्यावीत. त्याने साखळी वाढत जाते. ह्या साखळीत एकाच गोतावळ्यातील माणसे येण्याचा धोका असतो, म्हणून निदान तीनचार परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणांहून तिचा आरंभ करावा.

पहिल्या वाटेचे ठळक उदाहरण ‘एअरबीएनबी’ ह्या अमेरिकन उद्योगाचे. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अभिकल्पकांची परिषद भरली होती आणि हॉटेलांत जागा उरली नव्हती. ब्रायन चेस्की व जो गेबिया ह्यांनी आपल्या घरात हवा भरून फुगवावयाच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांची पैसे घेऊन सोय केली. पुढे ऑगस्ट २००८ मध्ये डेन्व्हर शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन झाले, तेव्हाही जागेच्या टंचाईमुळे त्यांच्याकडे मागणी आली. पण अधिवेशन संपताच ती ओसरली. परिषदेच्या दिवशी भेटलेला वापरकर्ता खरा होता, परंतु त्याची गरज त्या दिवसापुरती होती. २००९ च्या आरंभी त्यांचे मार्गदर्शक पॉल ग्रॅहम ह्यांनी, तुमचे वापरकर्ते न्यूयॉर्कमध्ये आहेत तर तुम्ही तेथेच गेले पाहिजे, असा सल्ला दिला. त्यानुसार ते तेथील घरमालकांच्या दारी गेले, त्यांच्या अडचणी ऐकल्या आणि त्यांच्या घरांची चांगली छायाचित्रेही काढून दिली. नैमित्तिक गरज आणि नित्याची गरज ह्यांतील भेद त्यांना ह्या शोधातूनच कळला.

शोधातील अडथळाही पुरावा असतो

ह्या बाबतीत कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम ह्यांचा अनुभव अभ्यासकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. १९९८ च्या सुमारास, पत्नी मासिक पाळीत जुनेर वापरते आणि बाजारातील पॅड घेणे घरखर्चात बसत नाही, हे पाहून त्यांनी स्वस्त पॅड तयार करण्याचा ध्यास घेतला. वस्तू घरच्या घरी तयार झाली. ती वापरून पाहून खरे काय ते सांगणारे मात्र कोणी मिळेना. पत्नीकडून अभिप्राय मिळावयास महिना थांबावे लागे. बहिणी तयार होईनात. अखेरीस त्यांनी एका वैद्यकीय महाविद्यालयातील वीस विद्यार्थिनींना राजी केले आणि अभिप्रायाची पत्रके दिली. ती परत घ्यावयास गेले, तेव्हा तीन मुलीच सर्वांची पत्रके भरीत बसल्या होत्या. मग त्यांनी फुटबॉलच्या रबरी पिशवीत बकऱ्याचे रक्त भरून स्वतःवरच प्रयोग केले. ह्या खटाटोपापायी गावाने त्यांना दूर लोटले आणि काही काळ पत्नी व आईही घर सोडून गेल्या.

त्या वीस पत्रकांवरून कोणी टक्केवारी काढली असती, तर ती दिसावयास निर्दोष दिसली असती. पत्रक भरले गेले म्हणजे वस्तू वापरली गेली, असे होत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वापरणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचण्यात जो संकोच आड येत होता, तोच विक्रीतही आड येणार होता. पुढे मुरुगनंतम ह्यांनी पॅड विकण्याऐवजी पॅड तयार करणारे लहान यंत्र बनविले आणि ते स्त्रियांच्या बचत गटांच्या हाती दिले. स्त्रियांनी बनवावयाचे आणि स्त्रियांनीच स्त्रियांना विकावयाचे, अशी ती व्यवस्था होती. २००६ साली त्यांच्या यंत्राला आयआयटी मद्रास येथे पारितोषिक मिळाले आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. वापरकर्ता सहजासहजी भेटत नाही तेव्हा संशोधक बहुधा वैतागतो आणि मित्रमंडळींकडून पत्रके भरून घेतो. त्याऐवजी तो का भेटत नाही, हे लिहून काढले, तर पुष्कळदा वितरणाचा मार्गच त्यात सापडतो.

काय विचारावे?

माणूस भेटला तरी त्याच्याकडून खरे उत्तर मिळणे वेगळे. आपल्याकडे दारी आलेल्याचे मन मोडू नये अशी रीत आहे. त्यातून तो विद्यापीठातून आलेला तरुण असेल तर ऐकणाऱ्यास त्याचे कौतुकही असते. ‘काका, असं उपकरण निघालं तर तुम्ही घ्याल का?’ ह्या प्रश्नाला ‘चांगलं काम करतोयस पोरा, बनव, घेऊ आम्ही,’ हे उत्तर ठरलेले. ते खोटे नसते. तो आशीर्वाद असतो. आशीर्वादाची मागणीत गणना करणे, ही मात्र संशोधकाची चूक होय.

रॉब फिट्झपॅट्रिक ह्यांनी २०१३ साली ‘द मॉम टेस्ट’ ह्या पुस्तकात एक साधा नियम सांगितला. प्रश्न असे विचारावेत, की प्रत्यक्ष आईलाही प्रेमापोटी खोटे सांगता येऊ नये. त्यासाठी आपल्या कल्पनेविषयी बोलावयाचे नाही, समोरच्याच्या आयुष्याविषयी विचारावयाचे. आणि भविष्याविषयी नव्हे, घडून गेलेल्या गोष्टींविषयी. ‘गेल्या हंगामात चाळ फोडली तेव्हा किती कांदा टाकावा लागला?’ ‘सड लागली हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले, आणि कशावरून?’ ‘मग काय केलेत?’ ‘निवडीला किती मजुरी गेली?’ ‘त्याआधी दुसरा काही उपाय करून पाहिला होता का, आणि तो का सोडला?’ ह्या प्रश्नांत उपकरणाचा उल्लेखही नाही.

अशा प्रश्नांतून कधी कधी कल्पनेचा पायाच हलतो. समजा, सहासात शेतकऱ्यांनी असे सांगितले, की सड लागल्याचे वासावरून वेळेवर कळले होते, पण त्या आठवड्यात भाव पडलेला असल्यामुळे चाळ फोडली नाही. मग अडचण सड ओळखण्याची नसून भाव कमी असताना विकावे की थांबावे, हे ठरविण्याची आहे. उपकरण अचूक असूनही निरुपयोगी ठरण्याचा हा संभव प्रयोगशाळेत कधीच दिसला नसता.

शब्द आणि कृती

मुलाखतीतून कारणे कळतात. निश्चय कळतो तो कृतीतून. म्हणून मिळालेल्या पुराव्याची प्रत त्यापायी समोरच्याने काय सोडले, ह्यावरून ठरवावी. केवळ प्रशंसा करणाऱ्याने काहीच सोडलेले नसते. दुसऱ्यांदा भेटावयास वेळ देणाऱ्याने थोडे सोडले. आपल्या शेजाऱ्याला बोलावून आणणाऱ्याने आपली पत लावली. चाळीचा एक कप्पा हंगामभर प्रयोगासाठी देणाऱ्याने माल लावला. विसार देणाऱ्याने पैसा लावला. ह्या पायऱ्या चढताना माणसांची संख्या घटत जाते; ती कोणत्या पायरीवर एकदम घटते, हे काळजीपूर्वक नोंदवावे.

कृतीची परीक्षा घेण्यासाठी संपूर्ण वस्तू तयार असावी लागत नाही. १९९९ साली निक स्विनमर्न ह्यांना, लोक पायात घालून न पाहता संगणकावरून जोडे विकत घेतील का, हे पाहावयाचे होते. त्यांनी गोदाम घेतले नाही, माल भरला नाही. जवळपासच्या दुकानांत जाऊन जोड्यांची छायाचित्रे घेतली, ती संकेतस्थळावर मांडली, आणि मागणी आली की त्या दुकानातून पूर्ण किमतीला जोडा विकत घेऊन पाठविला. प्रत्येक विक्रीत तोटाच होता. पण पैसे मोजणारा माणूस आहे, हे त्यातून कळले. ‘झॅपोस’ ह्या नावाने वाढलेला हा उद्योग २००९ साली ॲमेझॉनने विकत घेतला. ह्याच सुमारास ‘वेबव्हॅन’ ह्या कंपनीने घरपोच किराणा पोहोचविण्याचे काम सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९९९ साली सुरू केले आणि त्याच वर्षी यांत्रिक गोदामे बांधण्यासाठी सुमारे एक अब्ज डॉलरचा करार केला. मागणी त्या प्रमाणात येण्याआधीच खर्च उभा राहिला, आणि जुलै २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. किराणा घरपोच हवा असणारे लोक होतेच. पण ते किती, कोठे आणि कोणत्या किमतीला, हे लहान प्रमाणावर न अजमावता मोठा डाव मांडला गेला.

कांद्याच्या उदाहरणात ह्या पद्धतीचा अवलंब सोपा आहे. उपकरण करण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः साधा तापमापक व आर्द्रतामापक घेऊन आठवड्यातून दोनदा पाच चाळींची फेरी करावी आणि मालकास दूरध्वनीवरून कळवावे. त्याच्या सूचनेवरून कोणी चाळ फोडतो का, आणि ह्या सेवेचे थोडे का होईना पैसे देतो का, हे एका हंगामात कळेल. खर्च होईल तो प्रवासाचा आणि दोन लहान साधनांचा.

हलक्या कृतीला जड मानण्याचाही मोह असतो. ‘ड्रॉपबॉक्स’ने २००८ साली आपली प्रणाली कशी चालते हे दाखविणारी एक लहान चित्रफीत संगणकप्रेमी मंडळी जमतात अशा ठिकाणी, त्यांच्याच विनोदांच्या भाषेत, प्रसृत केली, प्रतीक्षायादीतील नावे एका रात्रीत सुमारे ५,००० वरून ७५,००० वर गेली. वापरकर्ते कोठे जमतात व कोणत्या भाषेत बोलतात हे अचूक हेरल्याचे ते फळ होते. तथापि यादीत नाव घालावयास काही पडत नाही. म्हणून अशा संख्येचा अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ एवढाच घ्यावा.

किती माणसे पुरेत?

संख्याशास्त्राचा परिचय असलेला विद्यार्थी येथे नमुन्याच्या आकाराचा प्रश्न विचारील. आरंभीच्या मुलाखतींचा हेतू प्रमाण काढण्याचा नसून प्रकार ओळखण्याचा असतो. गेस्ट, बन्स व जॉन्सन ह्यांनी २००६ साली पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत घेतलेल्या ६० मुलाखतींचे विश्लेषण केले. त्यांतील पहिल्या १२ मुलाखतींतच बहुतेक आशय येऊन गेला होता, असे त्यांना आढळले. हा आकडा सर्वत्र लागू होणारा नव्हे. लोक एकजिनसी असतील आणि विषय मर्यादित असेल, तेथेच एवढ्या मुलाखती पुरतात. चाळवाला शेतकरी, व्यापारी व उत्पादक कंपनी हे तीन गट असतील, तर प्रत्येक गट वेगळा धरून नवे काही ऐकू येईनासे होईपर्यंत बोलावे लागेल. आणि बारा मुलाखतींतून ‘साठ टक्के शेतकऱ्यांना हे हवे आहे’ असा निष्कर्ष काढणे सर्वथा गैर होय.

त्याहून महत्त्वाची शिस्त म्हणजे कल्पना केव्हा सोडावयाची, हे आधी लिहून ठेवणे. ‘वीस चाळमालकांना भेटून त्यांपैकी पाच जणांनी विसार दिला नाही, तर ही कल्पना ह्या स्वरूपात पुढे न्यावयाची नाही,’ असे वाक्य पहिल्या भेटीपूर्वी मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीने नोंदवावे. आकडा कोणता, हे महत्त्वाचे नाही. तो आधी ठरला, हे महत्त्वाचे. एरवी तीन विसार हाती आले, की तीनच पुरेसे वाटू लागतात.

संशोधकाची जबाबदारी

संभाव्य वापरकर्ता हा प्रयोगाचे साधन नव्हे. त्याचा वेळ घेतला जातो, आणि कधी त्याच्या नुकसानीची वा संकोचाची कहाणी त्याला पुन्हा सांगावी लागते. म्हणून वस्तू अद्याप तयार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. विसार घेतला असेल तर ठरल्या मुदतीत वस्तू न दिल्यास तो न मागता परत केला पाहिजे. कोणाचे नाव, दूरध्वनी क्रमांक वा उत्पन्न ह्यांची नोंद कशासाठी होत आहे हे सांगून त्याची संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशी हेच संमतीचे तत्त्व आहे. अखेरीस काय निष्पन्न झाले, हेही त्या माणसांस जाऊन सांगावे. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी त्याच गावात जाणार असतो.

विभागांच्या दृष्टीने ह्या विवेचनाचा एक व्यावहारिक अर्थ निघतो. पदव्युत्तर प्रकल्पाच्या अखेरीस विद्यार्थी जेव्हा असा अहवाल देतो, की आपण अमुक ठिकाणी, अमुक काळात, अमुक माणसांना भेटलो, त्यांना अडचण आहे, परंतु तिच्यासाठी काही सोडावयास त्यांपैकी कोणी तयार नाही, तेव्हा त्या अहवालास पूर्ण गुण मिळावयास हवेत. त्याने एक विधान तपासले आणि ते टिकत नाही, असे पुराव्यानिशी दाखविले. त्याच्या हाती उद्योग लागला नसेल. पण त्याची वर्षे व त्याच्या वडिलांची पुंजी शाबूत राहिली, आणि त्याच कल्पनेच्या मागे लागणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्यास कोठून आरंभ करावयाचा, हे कळले.